'म्हणजे सीएसच ना ते?' : गणित आणि कम्प्युटर एकत्र शिकण्याबद्दल

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची ही संहिता. अडखळणं आणि 'म्हणजे, म्हणजे' काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



जून आला की मला एका ठरावीक प्रकारचे मेसेज यायला लागतात. जेईईचा निकाल लागलेला असतो, जोसाचा फॉर्म उघडलेला असतो आणि कुणीतरी कुठून तरी माझा नंबर मिळवलेला असतो. "दादा, कम्प्युटर सायन्स मिळत नाहीये. मॅथ्स अँड कम्प्युटिंग घेऊ का? म्हणजे सीएसच ना ते?" कधी मुलगा लिहितो, कधी त्याची आई. परवा तर एका मुलीच्या मामांचा फोन आला, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पॅकेजचा.

दरवर्षी मी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करत बसतो आणि दरवर्षी वाटतं, आपण अर्धवट सांगितलं. म्हणून आज एकदाच सगळं बोलून टाकतो.

मी स्वतः हीच डिग्री केली आहे. बीटेक, मॅथमॅटिक्स अँड कम्प्युटिंग. आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सहा वर्षं झाली. कुठल्या संस्थेतून केली ते सांगत नाही, कारण पुढे दोन तक्रारी करणार आहे आणि नाव घेऊन तक्रार करण्यात मला रस नाही.

२०१५ साल. जोसाचं ते पहिलंच वर्ष. त्याआधी आयआयटी आणि एनआयटीचे फॉर्म वेगळे असायचे, त्या वर्षापासून सगळं एकाच यादीत आलं. मी लातूरहून दोन वर्षं घासून परत आलो होतो. सांगोल्याला एका नेट कॅफेत मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, यादी भरायला बसलो. माझं गणित सोपं होतं. आधी सगळीकडचं कम्प्युटर सायन्स, त्याखाली ज्याच्या नावात 'कम्प्युटिंग' आहे ते सगळं, त्याखाली उरलेलं. अभ्यासक्रमात काय आहे हे मी एकदाही उघडून बघितलं नाही. नाव बघितलं आणि क्लिक केलं.

अण्णा हायस्कूलवर गणिताचे शिक्षक. त्यांना त्या नावाचा पहिला अर्धा भाग आवडला होता. मला दुसरा.

पहिल्या वर्षी फार काही कळत नाही, कारण सगळ्यांनाच सारखं असतं. फिजिक्स, ड्रॉइंग, थोडं कॅल्क्युलस, थोडं सी. त्या दिवाळीला घरी आलो तेव्हा मी नवीन नवीन प्रोग्रॅमर होतो. त्या वयात काय होतं तुम्हाला माहीत आहे, घरात दिसेल त्या गोष्टीवर प्रोग्रॅम लिहावासा वाटतो. अण्णा दरवर्षी आठवीच्या वर्गात कापरेकरांचा ६१७४ घेतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ चं पुन्हा केलंत तर ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता.

मी सी मध्ये लूप लिहिला. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, सारखे अंक सोडून ९,९९० संख्या. एंटर दाबलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं. मी म्हणालो, "अण्णा, हे घ्या. सिद्ध झालं."

अण्णांनी स्क्रीनकडे बघितलं. "तपासून झालं," ते म्हणाले. "पण का होतंय?"

"अहो, सगळ्या संख्या तपासल्या ना! एकही राहिली नाही. मग झालंच ना सिद्ध."

"बरं," म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मला राग आला होता. आणि आजही म्हणतो, माझं चुकलं नव्हतं. संख्या मर्यादित असतील आणि प्रत्येक तपासली असेल तर ती सिद्धताच असते. १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी चार रंगांचं प्रमेय कम्प्युटरकडून असंख्य प्रकार तपासून घेऊन सिद्ध केलं, तेव्हा कितीतरी गणितज्ञांनी अण्णांसारखंच तोंड केलं होतं. पण अण्णांचंही चुकलं नव्हतं. ती गोष्ट समजायला मला पुढची दीड वर्षं लागली आणि एक विषय नापास व्हावं लागलं.

दुसऱ्या वर्षी खरी डिग्री सुरू होते. एका बाजूला डेटा स्ट्रक्चर्स, दुसऱ्या बाजूला रिअल ॲनालिसिस. सकाळी गणित विभागात फळ्यासमोर, दुपारी कम्प्युटर लॅबमध्ये. दोन्हीकडे 'बरोबर' या शब्दाचा अर्थ वेगळा. लॅबमध्ये कोड सबमिट केला की मशीन सांगतं, दहापैकी सात टेस्ट पास, तीन नापास. तुम्ही दुरुस्त करता, परत टाकता, आठ पास. रात्री दोनपर्यंत हे चालतं आणि खरं सांगू, यात मजा आहे. गणितात कुणीच काही सांगत नाही. तुम्ही एक पान सिद्धता लिहिता, तुम्हाला ती चोख वाटते आणि तीन आठवड्यांनी पेपर हातात येतो तेव्हा दुसऱ्या ओळीपाशी एक लाल गोल असतो. त्या ओळीनंतरचं सरांनी वाचलेलंही नसतं.

माझी चूक कुठली होती ते नेमकं सांगतो, कारण या डिग्रीला येणाऱ्या निम्म्यांची तीच होते. सातत्य आणि एकसमान सातत्य, या दोन व्याख्यांमध्ये शब्द जवळजवळ तेच आहेत, फक्त क्रम वेगळा आहे. मी दोन्ही एकच समजून लिहीत होतो. गावाकडचं उदाहरण देतो. "प्रत्येक गावाला कुणीतरी तलाठी आहे." आणि "असा एक तलाठी आहे, जो प्रत्येक गावाचा आहे." शब्द तेच. पण पहिल्या वाक्यात दर गावाला वेगळा तलाठी चालतो, दुसऱ्यात एकाच माणसाने अख्खा तालुका सांभाळायचा आहे. साध्या सातत्यात प्रत्येक बिंदूला त्याचा त्याचा डेल्टा मिळतो. एकसमान सातत्यात सगळ्या बिंदूंना मिळून एकच डेल्टा पुरला पाहिजे. मी पहिल्यातून दुसरं निघतं असं गृहीत धरून चार सिद्धता लिहिल्या. चारही शून्य.

आणि बाकीच्या सिद्धता? त्या मी टेस्ट केससारख्या लिहिल्या होत्या. एक साठी बघितलं, दोन साठी बघितलं, तीन साठी बघितलं, चाललं, पुढे चला.

एफ ग्रेड आली. गणितात. गणिताच्या मास्तरचा मुलगा.

मी घरी सांगितलं नाही. अण्णा दर रविवारी फोनवर विचारायचे, "ॲनालिसिस कसं गेलं रे?" त्यांना बाकीच्या विषयांची नावं नीट यायची नाहीत, हे एकच यायचं, त्यांच्या बीएस्सीला होतं म्हणून. मी म्हणायचो, "बरं गेलं." पाच महिने मी हे 'बरं गेलं' चालवलं. नापास झाल्यापेक्षा तेच जास्त जड होतं. आजही त्या दिवसांबद्दल बोलताना मला बरं वाटत नाही, त्यामुळे पुढे जातो.

हॉस्टेलमध्ये यावर एक ठरलेला सल्ला असतो. "अरे, गणिताचे विषय फक्त पास व्हायचे. जुने पेपर पाठ कर, लिही, विसर. प्लेसमेंटला कोण विचारतंय?" आणि हे खोटं नाही. माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी तसंच केलं, त्यातले काही आज माझ्याहून जास्त कमावतात. पण त्यांच्याकडे बघून मला एक दिसायचं. चार वर्षं त्यांना त्यांच्या अर्ध्या डिग्रीचा तिटकारा होता. आठवड्यातले निम्मे तास अशा वर्गात बसायचं, जिथे आपण का बसलोय हेच माहीत नाही, ही काही लहान शिक्षा नव्हे. "म्हणजे सीएसच ना ते?" असं जेव्हा कुणी विचारतं तेव्हा मला ती मुलं आठवतात. डिस्काउंटमध्ये मिळालेलं सीएस म्हणून ही सीट घेतली, तर त्या डिस्काउंटची किंमत अशी चुकवावी लागते.

विषय रिपीट केला तो ज्युनिअर्सबरोबर, शेवटच्या बाकावर. शिकवायला वेगळे सर होते. पहिल्याच ट्यूटोरियलला त्यांनी मला उभं केलं. विचारलं, "बंद अंतरालावर संतत असलेलं फलन मर्यादित असतं, बरोबर? आता यातला 'बंद' शब्द काढून टाक. कुठे मोडतं ते दाखव." मला नाही आलं. त्यांनी फळ्यावर फक्त १/x काढलं, शून्य आणि एकच्या मध्ये, टोकं सोडून. शून्याकडे जाताना ते वर, वर, वर जातं. संतत आहे, पण मर्यादेत राहत नाही. आणि तेच फलन एकसमान संतत पण नाही, कारण शून्याच्या जवळ जाल तसा डेल्टा लहान लहान करत जावा लागतो. माझा तलाठी तिथे फळ्यावर दिसत होता.

मग सर म्हणाले, "प्रत्येक प्रमेयाचं असंच करायचं. एक अट काढायची आणि मोडून दाखवायचं."

आता बघा, हे मला येत होतं! हे तर डीबगिंग आहे. लॅबमध्ये मी रात्ररात्र हेच करत होतो, एक ओळ काढ, चालव, कुठे फुटतं बघ. फक्त गणिताच्या वर्गात शिरताना मी ते डोकं दाराबाहेर ठेवून जात होतो. त्या सत्रात मी एक वही केली, डाव्या पानावर प्रमेय, उजव्या पानावर ते मोडणारी उदाहरणं. बी ग्रेड मिळाली. फार मोठी नाही, पण एकही ओळ पाठ केलेली नव्हती.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा अण्णांना सांगितलं. सगळं, पाच महिन्यांचं 'बरं गेलं' धरून. ते चिडले नाहीत. "मला सांगायला काय झालं होतं?" एवढंच म्हणाले आणि मग दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. आई मध्येमध्ये दोघांकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी, काही सुचत नव्हतं म्हणून मी कागद घेऊन ६१७४ ला बसलो. कम्प्युटर न वापरता. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ धरले. वजाबाकी मांडली तर ती होते ९९९ गुणिले (क वजा घ), अधिक ९० गुणिले (ख वजा ग). बास. म्हणजे चार अंक कुठले आहेत याला काही महत्त्वच नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. बाहेरचा फरक १ ते ९, आतला फरक शून्यापासून बाहेरच्या फरकाएवढा. मोजा, ५४ जोड्या होतात. ९,९९० संख्या पहिल्याच पायरीत ५४ वर येतात. कम्प्युटर कशाला पाहिजे, दोन पानांत हाताने होतं. माझा लूप हजारो वेळा तेच तेच तपासत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

५४ चा तक्ता पूर्ण केला आणि कागद अण्णांसमोर ठेवला. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, पूर्ण तक्ता वाचला, एका वजाबाकीत हातचा चुकला होता तिथे गोल केला आणि म्हणाले, "हं. आता कळलं मला का होतंय ते."

एकच बाजू सांगितली तर तुम्हाला वाटेल, हा गणिताची जाहिरात करतोय. उलटी बाजू पण आहे. तिसऱ्या वर्षी अल्गोरिदम्स होतं, तिथे मी जरा शेफारलो होतो. सिद्धता लिहिता यायला लागली होती ना. तेव्हा बायनरी सर्चची गोष्ट वाचली. हा अल्गोरिदम बरोबर आहे याची सिद्धता पुस्तकात आहे, जॉन बेंटली यांच्या पुस्तकात व्यवस्थित दिली आहे. त्यावरून जावाच्या लायब्ररीत कोड आला. आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक, ज्यांनी तो कोड लिहिला होता, त्यांनीच जाहीर केलं की त्यात सुमारे नऊ वर्षं चूक होती. कुठे? मधली जागा काढायला दोन आकडे मिळवून दोनने भागायचं, त्या बेरजेत. गणितात पूर्णांक कितीही मोठे असतात. मशीनमधला ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो, त्यापुढे गेलं की बेरीज ऋण होते. यादी प्रचंड मोठी असेल तेव्हाच हे घडतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही. सिद्धता खरी होती, ती वेगळ्या जगातल्या संख्यांबद्दल होती. ही गोष्ट वाचल्यापासून मला दोन्ही विभागांच्या लोकांचा माज सारखाच हास्यास्पद वाटतो.

दोन्ही डोकी एका माणसात, किंवा एका खोलीत, असली की काय होऊ शकतं याचं आपल्याकडचं उदाहरण आयआयटी कानपूरचं. २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे नक्की आणि झटपट ठरवण्याची पद्धत दिली. 'झटपट' म्हणजे आमच्या भाषेत पॉलिनॉमिअल वेळात. त्यातल्या दोघांचं बीटेक त्याच वर्षी संपलं होतं. वापरलेलं बीजगणित आणि प्रश्नाची मांडणी कम्प्युटर सायन्सची. किंवा आपले श्रीराम अभ्यंकर घ्या. एवढे मोठे बीजगणिती, पण पर्ड्यू विद्यापीठात ते गणिताबरोबर कम्प्युटर सायन्सचे पण प्राध्यापक होते. पुण्याचं भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांचंच. आपल्या गावात ही परंपरा आहे, फक्त जोसाच्या यादीत ती कॉलम म्हणून दिसत नाही.

नोकरीत काय उपयोग होतो? प्रामाणिक उत्तर, बहुतेक दिवशी काहीच नाही. मी एपीआय लिहितो, लॉग वाचतो, मीटिंगला बसतो. पण वर्षातून दोन-तीनदा एखादा दिवस येतो. मागे आमच्याकडे एका सहकाऱ्याने नोंदी ओळखण्यासाठी ३२ बिटांचा हॅश वापरायचं ठरवलं. म्हणाला, "४२९ कोटी शक्यता आहेत, आपल्या नोंदी लाखभर. टक्कर कशी होईल?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला संभाव्यतेच्या वर्गातलं वाढदिवसाचं गणित आठवलं. वर्गात २३ जण असले तरी कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. (अण्णा म्हणतात, हे उदाहरण गावच्या शाळेत चालत नाही, कारण तिथे अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असतो.) त्याच हिशोबाने ३२ बिटांत साधारण ७७ हजार नोंदींनाच टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर जाते, एक लाखाला दोन-तृतीयांशाच्या वर. मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या, आम्ही १२८ बिट घेतले, मीटिंग संपली. कुणाचा पैसा भलत्याच्या खात्यावर गेला नाही. त्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही, कारण न घडलेली गोष्ट दिसत नाही.

आता ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांच्यासाठी, भराभर. नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. ऑपरेटिंग सिस्टिम्स, नेटवर्क्स, डेटाबेस हे सक्तीचे आहेत की ऐच्छिक, ते बघा. डिग्री कुठला विभाग चालवतो ते बघा. दिल्ली आणि गुवाहाटीच्या आयआयटीत गणित विभाग चालवतो. माझी पहिली तक्रार इथलीच. आमच्याकडे सीएसचे ऐच्छिक विषय आधी सीएसच्या मुलांना मिळायचे, उरलेल्या जागांवर आम्ही. मशीन लर्निंग मला दोनदा मिळालं नाही. दुसरी तक्रार, दोन विभाग एकमेकांशी बोलायचे नाहीत, त्यामुळे एकाच आठवड्यात दोन्हीकडच्या परीक्षा आणि सबमिशन. म्हणून तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून हेच दोन प्रश्न विचारा, पॅकेजचा नंतर.

बंगळुरूच्या आयआयएससीने २०२२ पासून याच नावाचं बीटेक सुरू केलंय. आणि ज्यांना सिद्धता मनापासून आवडतात त्यांनी चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूट बघा. तीन वर्षांची बीएस्सी, गणित आणि कम्प्युटर सायन्स, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा. बीटेक नाही म्हणून घरचे नाक मुरडतील. मुरडू द्या.

आणि फॉर्म भरण्याआधी घरी एक करून बघा. एखादं कोडं घ्या, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे पण कारण माहीत नाही, आणि त्याच्याबरोबर दोन संध्याकाळी बसा, मोबाइल बाजूला ठेवून. उत्तर मिळालं पाहिजे असं नाही. तिसऱ्या संध्याकाळी परत बसावंसं वाटतंय का, एवढंच बघा. नसेल वाटत तर त्यात कमीपणा काही नाही, पण मग इलेक्ट्रिकल किंवा दुसऱ्या कॉलेजचं साधं सीएस तुम्हाला जास्त सुखाचं जाईल.

अण्णा गेल्या वर्षी रिटायर झाले. आता त्यांना वेळच वेळ आहे, आणि त्यांनी मला पाच अंकांचं काम लावलंय. पाच अंकी संख्यांना ६१७४ सारखी एक संख्या नाही. मी प्रोग्रॅम चालवला, तीन वेगवेगळी वर्तुळं मिळाली. ५३९५५ आणि ५९९९४ हे दोघंच एकमेकांकडे येत-जात राहतात, बाकीची दोन वर्तुळं चार-चार संख्यांची. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तपासून झालं म्हणजे." मी म्हणालो, "हो, फक्त तपासून." मग त्यांनीच सांगितलं की वजाबाकी मांडली तर मधला अंक गळूनच जातो, परत ५४ जोड्याच उरतात. हे मी बघितलं नव्हतं. तरी चार अंकांत एकच मुक्काम आणि पाचात तीन वर्तुळं का, हे दोघांनाही अजून नीट सांगता येत नाही. येत्या शनिवारी सांगोल्याला जातोय, तक्ता ते करून ठेवणार आहेत.

भेटू पुढच्या भागात.